धाकटीचं मत

माझ्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये मत देता येणार हे कळलं, तेव्हा आमच्या चामराजपेटच्या घरात फक्त पेढे वाटायचे राहिले. युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर तिथं मतदान होतं, आणि तिथं राहणाऱ्या आपल्या पासपोर्टवाल्यांनाही मत होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, दुकानात येईल त्याला हे सांगत. कापड मापता मापता मी ऐकत होते आणि आतून जळत होते.

आमच्याकडे मतदानाची एक रीत आहे. आदल्या संध्याकाळी कॉफी झाली, की कुठलं बटण दाबायचं ते अण्णा सांगतात. आई होती तोवर ती इथल्या कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणायची. मीही तेच म्हणत आले. मी लग्न केलं नाही. दुकान आणि अण्णा, दोन्ही मीच बघते.

मतदानाच्या आदल्या रविवारी धाकटीचा फोन आला, अण्णांनी तो स्पीकरवर लावला. "अण्णा, मला काहीच सुचत नाहीये. तुम्हीच सांगा."

आठवडाभर अण्णांनी पेपरातली त्याबद्दलची ओळ न् ओळ वाचली होती. वरच्या मजल्यावरच्या पुण्याच्या आयटीवाल्या भाडेकरूलाही त्यांनी पिडलं होतं. आता ते सांगतील, धाकटी "सरी" म्हणेल आणि आम्ही दोघी एका रांगेत येऊ, म्हणून मी कान टवकारून बसले.

अण्णा म्हणाले, "तुला राहायचंय तिथं. स्वल्प विचार कर आणि तुझं तू ठरव. मी कोण सांगणार?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात तिनं मला विचारलं, "अक्का, तू काय केलं असतंस?"

"मला कधी कुणी विचारलंय?" मी म्हणाले. तिला ती थट्टा वाटली. ती हसली.

तिनं काय ठरवलं ते तिनं सांगितलं नाही. अण्णांनीही विचारलं नाही, आणि पोरगी स्वतःच्या बुद्धीनं चालते, हेही दुकानात सांगून झालं.

पुढं आमच्याकडची निवडणूक आली. आदल्या संध्याकाळी कॉफीचा लोटा खाली ठेवून अण्णांनी बटण सांगितलं. मी म्हणाले, "अण्णा, मलाही इथंच राहायचंय. माझं मी ठरवू?"

ते खरोखरच गोंधळले. मग प्रेमानंच म्हणाले, "तुझं काय ठरवायचंय? तू कुठं जाणार आहेस?"

मी लोटे उचलले आणि आत गेले.