स्कॉटलंडहून आलेली माहेरवाशीण

नागोयापासून दोन तासांवर, डोंगरात, एक स्कॉटिश हवेली उभी आहे. नक्कल नाही, अस्सल. एका जपानी कारखानदाराने ती तिकडच्या उमराव घराण्याकडून विकत घेतली, दगडन् दगड आकडे घालून जहाजाने आणला आणि इथे पुन्हा रचला. आता तिथे लग्नं लागतात. नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे जपानला आलेली मी शनिवार-रविवार तिथल्या टी-रूममध्ये बाइतो करायचे, म्हणजे अर्धवेळ नोकरी. इंग्रजी येतं, एवढंच माझं भांडवल.

एका रविवारी बसमधून एक उंच, जराशी वाकलेली गोरी बाई उतरली. ऐंशीच्या पुढची असावी. रांगेत उभं राहून तिकीट काढलं, माझ्या टेबलाशी बसली, चहा ओतू दिला, आणि मग अगदी सहज म्हणाली, "मी या घरात जन्मले."

मी किटली खाली ठेवली. गर्दी नव्हती, म्हणून मॅनेजरबाईंना विचारून तिच्यासमोर बसले.

तिचे आजोबा लॉर्ड. शिकारीला पाहुणे यायचे, जेवायला तीस माणसं असायची. वडिलांच्या हाती आलं ते गळकं छप्पर. ती दहा वर्षांची असताना आई वरच्या, पूर्वेकडच्या खोलीत वारली, आणि वर्षभरात घरही गेलं. आईचा एकही फोटो तिच्याकडे उरला नव्हता.

"पण खोली आठवते," ती म्हणाली. "डोळे मिटले की आधी निळा पडदा दिसतो, मग खिडकी, आणि खिडकीशी आई. एरवी तिचा चेहरा आठवत नाही."

"मग वर चला ना! मी दाखवते."

"नको. इथेच बरं आहे."

आता आमच्याकडे पहिलं 'नको' कोण मनावर घेतं? पानावरचा माणूस नको म्हणतो म्हणून आपण वाढायचं थांबतो का? शिवाय माझ्या लेखी ही बाई माहेरी आली होती. सत्तर वर्षांनी आलेल्या लेकीला ओटीवरूनच परत पाठवायचं?

"इतक्या लांबून आलात," मी म्हटलं, "आईची खोली न बघता जाणार?"

"खरंच नको. तुम्हाला उगाच त्रास."

त्रास! हा शब्द ऐकल्यावर माझी खात्रीच पटली. भिडस्त आहे बिचारी. मी तिच्या कोपराला हात लावला आणि म्हटलं, "माझी शपथ आहे तुम्हाला." ती माझ्याकडे बघत राहिली. परक्या बाईला तिसऱ्यांदा नाही म्हणणं तिच्या संस्कारात बसत नसावं. ती उठली. मला केवढा आनंद झाला होता, आज आठवलं तरी लाज वाटते.

वर जपानी शिस्त, चपला बाहेर. ती स्टुलावर बसून बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत होती. मग गुलाबी प्लॅस्टिकच्या सपाता घालून आईच्या खोलीत गेली.

ती खोली नवरीच्या मेकअपची आहे, हे मला ठाऊक होतं. दर आठवड्याला मीच तिथे चहा पोचवायचे. पण ते तिला कसं दिसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीन भिंतींना बल्ब लावलेले आरसे, कागदी गुलाब, हेअरस्प्रेचा वास. पूर्वेची खिडकी बाहेरून दिसते, आतून मात्र फळ्या ठोकून बंद केलेली, आणि त्यावर सगळ्यात मोठा आरसा. ती नेमकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला तिथे ती स्वतःच दिसत होती, मागे मी.

"किती स्वच्छ ठेवलंय," ती म्हणाली.

मी तिला स्टॉपवर सोडायला गेले. वाटेत माझी बडबड चालूच होती, पुन्हा या, पुढच्या वेळी फुलं असतील, वगैरे. तिने बाकावर बसून डोळे मिटले. दमली असेल असं वाटून मी एकदाची गप्प झाले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही फार प्रेमाने नेलंत." आणि मग, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात, "पण आता डोळे मिटले की आरसा येतो."

तेवढ्यात बस आली. ती चढली, माझ्या बाजूच्याच खिडकीशी बसली आणि लगेच डोळे मिटले. बस स्टॉपवरच बराच वेळ थांबून होती. मी काचेखाली उभी होते. तिने डोळे उघडले नाहीत, आणखी घट्ट मिटले.