मनगटावर व्रण नाही

अशा गोष्टींवर हसणारा माणूस आहे मी. वीज खात्यात लाइनमन... टेस्टर पेटला तरच करंट आहे म्हणणारा. म्हणून हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

२०१२ साल. सौंदडजवळ आमचं गाव. धान कापताना माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, उजव्या मनगटाला विळा लागला. गावच्या कंपाउंडरने वरवर टाके घातले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. ती म्हणाली, "नागपूरले दाखवू ना जी." मी म्हणालो, "मंडई होऊन जाऊ दे, पाहुणे येऊन राहिले." दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आमच्याकडे घर भरतं, आणि रांधायला ती एकटी. चुलीवर बोटं भाजली, तिला कळलंसुद्धा नाही. मला माफी नाही.

नागपूरच्या सोनोग्राफीत नस तुटलेली, दोन्ही टोकं लांब सरकलेली. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" ऑपरेशन करून त्यांनी तिच्याच पोटरीतल्या नसेचा तुकडा मधे जोडला. म्हणाले, मनगटापासून बोटांकडे टिचक्या मारत जा. झिणझिण्या येतील तिथपर्यंत नस वाढली समजा.

आठ महिने रोज ड्यूटीवरून आलो की टिचक्या. "आल्या?" "नाही." अंगठ्याखालचं मांस वाळत चाललं. शेवटी डॉक्टरांनीही सांगितलं, आता आशा धरू नका. त्या संध्याकाळी तिचा हात धरून मी ढसाढसा रडलो. मनात एकच — माझा हात जाऊ दे, हिचा येऊ दे. तरी सवयीनं टिचकी मारली. झिणझिण्या आल्या... माझ्या बोटांत.

"तुमचा हात काऊन थांबला?" ती म्हणाली. मग स्वतःच्या बोटांकडे बघू लागली. "तुमचं नख... मले लागून राहिलं जी."

दोन महिन्यांत तिचा हात सुधारला आणि माझी तीच तीन बोटं बधिर होत गेली. आता खांबावर चढता येत नाही, ऑफिसात बसवलंय. माझी सोनोग्राफी झाली तेव्हा डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "ऑपरेशन कुठे केलं होतं?" नस कापलेली, मधे दुसरा तुकडा, टाक्यांसकट. आणि वर कातडीवर ओरखडाही नाही. त्यांना वाटलं, मी लपवतोय.

हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, उघडून बघू, कदाचित सुधारेल. सुनंदा रोज मागे लागते, "चला ना जी, कायले भिऊन राहिले?" मी त्या संध्याकाळी काय मागितलं, ते तिला सांगितलेलं नाही. माझी नस नीट केली, आणि त्याच दिवशी हिची बोटं पुन्हा मेली तर?