गिळता येणारं खारं

मायची साठी उलटल्यावर मी तिला पहिल्यांदा समुद्र दाखवला. रत्नागिरीच्या वाळूत उभं राहून तिनं ओंजळ तोंडाला लावली आणि लगेच थुंकली. "एवढं पाणी, अन् लेकराला घोटभर देता येत न्हाई?" त्यानंतर ती किनाऱ्यावर फार थांबली नाही.

त्याच साली दिवाळीनंतर थोरल्या भावानं कुरुंद्याच्या शेतात बोअर घेतला. मी वसमतला शाळेत शिकवतो. शेत तोच करतो. विहीर हळदीला पुरत नव्हती. आणखी खोल, आणखी खोल, म्हणत त्यानं मशीन थांबवूच दिली नाही. पाणी उसळलं तशी वहिनीनं नारळ फोडला. माय पुढं झाली. एक घोट घेतला, गिळला, पुन्हा एक घेतला.

"खारट हाय."

"नव्या बोअरचं असतंच तसं, माय," भाऊ म्हणाला.

"समुद्राचं थुकून तरी टाकता आलं. हे गिळलं जाऊन राहिलं."

दिसायला पाणी नितळ होतं. म्हैस मात्र हौदाला नाक लावायची आणि मागं सरायची. डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी बोटचेपी होत नव्हती. मी भावाला म्हणालो, "तपासून घेऊ. तोवर हळदीला सोडू नको."

"तू मास्तर हायस. वाळून राहिलेलं पीक तुझ्या पुस्तकाला इचारू व्हय?"

 बाटली भरून आणली खरी, पण तपासायला द्यायला मीच तीन आठवडे लावले.

निकाल घ्यायला गेलो तोवर हळदीच्या पानांची टोकं करपली होती. ठिबकच्या नळ्यांवर, वाफ्यांच्या कडांवर पांढरा थर धरला होता. तपासणाऱ्यानं विचारलं, "किती दिवस देऊन राहिले हे पाणी?" मी सांगितलं. त्यानं कागदावरच्या 'शेतीला अयोग्य' या शब्दांखाली रेघ ओढली.

भावानं बोअर बंद केला. हळद निम्मीच आली. तेवढ्यावर निभावलं असं आम्ही समजलो.

यंदा उन्हाळ्यात मी शेतावर गेलो होतो. वहिनीनं बोअरशेजारच्या विहिरीच्या पाण्याचा चहा ठेवला आणि दूध फाटलं. दूध सकाळचंच होतं. तिनं दुसऱ्यांदा ठेवला, तोही फाटला.

भाऊ उठला, विहिरीवर गेला. मी मागोमाग गेलो. बादली ओढून तो ओंजळीनं प्यायला.

"कसं लागून राहिलं?" मी विचारलं.

त्यानं आणखी एक ओंजळ घेतली.

"रोज हेच पिऊन मला आता कळंना," तो म्हणाला. "तूच पिऊन पाह्य."