पिकअपखाली शिरलेली माझी नात

मैत्रिणींनो, आज मला चक्क सख्ख्या नातीचा हेवा वाटला.

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या वेळची आमची पिकअप मागून खाली बसली होती. यशवंतपूरच्या गॅरेजात नातीने स्प्रिंगच्या पाट्या धरणारे हँगर बदलून, त्यांना जोडणाऱ्या लांब कड्या, म्हणजे शॅकल, लावून ती चार बोटं उंच केली.

साठच्या दशकात आप्पांनी हेच काम केलं, तेव्हा मदतीला माझा भाऊ, अण्णा होता. आप्पा मला म्हणाले, "कॉन्व्हेंटचा युनिफॉर्म मळेल, सिस्टर रागावतील. लांब हो!"

आज अण्णा कौतुकाने म्हणाला, "आपल्या घरात अशी मुलगी पहिलीच!"

"पहिली मीच झाले असते, अण्णा. आप्पांनी पाना हातात दिला असता तर!"

नातीने हसून पाना पुढे केला. "ये आजी, स्वल्प जोर लाव," ती इथल्या कानडी ढंगात म्हणाली.

एक नट आवळला. बरं वाटलं, पण हेवा गेला नाही. आपल्याच माणसाचा असा हेवा तुम्हालाही वाटतो का?