एम.टेक. असे मी वाचले

आमच्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात विद्यार्थ्याला मिळालेल्या टक्क्यांपेक्षा ‘पुढील शिक्षण’ हा रकाना लोक अधिक कान देऊन ऐकतात. टक्के ऐकून टाळ्या पडतात. पुढील शिक्षण ऐकून मागच्या रांगांत कुजबुज सुरू होते. खानदेशातून सुरतेला येऊन यंत्रमागावर उभ्या राहिलेल्या माणसांची ही मुले. कोण मागापासून किती लांब गेले, हे त्या एका रकान्यावरून ठरते. मंडळाचा चिटणीस या नात्याने ही यादी बारा वर्षे मीच तयार करीत आलो आणि समारंभात वाचूनही दाखवीत आलो. गेल्या वर्षी त्या यादीत माझ्या मुलीचे नाव होते. तिच्या नावापुढचा तो रकाना मी खोटा भरला.

मी सुरतेतच गोडादऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. माझी पदवी भौतिकशास्त्राची. तरुणपणी मला अभियांत्रिकीला जायचे होते. गुण कमी पडले. “काही मिळालं नाही म्हणून फिजिक्स घेतलं,” हे वाक्य मी घरात आणि घराबाहेर इतक्या वेळा, इतक्या सहजपणे बोललो आहे की ते ऐकत एक मूल मोठे होत आहे, याचे मला भान राहिले नाही. मुलीला विद्युत अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, तेव्हा याच समारंभात मी तो रकाना दोनदा वाचला होता. पहिल्यांदा मागच्या लोकांना नीट ऐकू गेले नसेल, असे मी स्वतःला सांगितले होते.

ती तिसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी तिने मला विचारले, “पप्पा, एसी करंट जाड तारेच्या कडेकडेनं जास्त वाहतो, मधून कमी. तुम्हाला माहीत होतं?”

मी उत्तरपत्रिका तपासत होतो. “असेल पुस्तकात.”

“आहेच. किती वाहतो त्याचं कोष्टक आहे. कॉलेजात सगळे कोष्टक पाठ करतात, पेपरला तेवढंच येतं. पण तो कडेला का जातो?”

“तुला तार निवडायची आहे का तारेची चौकशी करायची आहे?”

माझी पत्नी जवळच साडीला लेस लावत बसली होती. घरबसल्या ती ते काम करते. मान वर न करता ती म्हणाली, “शाळेत पोरांना सांगता, प्रश्न विचारा, प्रश्न विचारा. घरात विचारला की सरांना घाई असते.”

मी हसून वेळ मारून नेली. त्यानंतर काही दिवसांनी कपाटावरची माझी बी.एस्सी.ची पुस्तके खाली आली. मुलगी ती वाचू लागली होती. एकदा तिने एक पान माझ्यासमोर धरले; समासात मी पेन्सिलीने केलेली, तीस वर्षांपूर्वीची टिपणे होती. “किती सुंदर सोडवलंय तुम्ही हे,” ती म्हणाली. ती माझी थट्टा करते आहे, असे मला वाटले. तो समज मी दूर करून घेतला नाही.

अंतिम वर्षात तिला भरूचकडच्या एका कारखान्यात नोकरीचे पत्र मिळाले आणि त्याच महिन्यात एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. पुण्याला भौतिकशास्त्रासाठी तिला जागा मिळाली होती. चार दिवस मी नोकरीचेच पत्र पुन्हा पुन्हा वाचले. पाचव्या दिवशी ‘जा’ म्हणालो. तिने मला वाकून नमस्कार केला, आणि त्या नमस्काराला मी पात्र नव्हतो हे त्या वेळी फक्त मला ठाऊक होते. कारण तोपर्यंत समारंभाची यादी मी छपाईला पाठवलेली होती आणि तिच्या नावापुढे ‘एम.टेक., विद्युत’ असे लिहून झाले होते.

छापायच्या पानांची प्रत माझ्या फोनवर आली, ती तिने पाहिली.

“पप्पा, हे एम.टेक. कुणी लिहिलं?”

“लोकांना नाही कळत गं. इंजिनिअर झालेली मुलगी एम.एस्सी.ला चालली म्हटलं की त्यांना वाटतं, काहीतरी बिनसलं.”

“मग सांगा ना त्यांना.”

“एवढ्या माणसांना कुठे समजावत बसू?”

“सुट्टीत घरी आले की मी काय सांगू? काय शिकतेय म्हणून?”

“दोन वर्षांनी कोण विचारतंय.”

तिने फोन माझ्या हातात परत दिला. मग शांतपणे म्हणाली, “तुम्ही वाचा. मी उठणार नाही.”

मुलांचा राग दोन दिवसांत उतरतो, असा माझा शिक्षकी अनुभव होता. मी त्यावर भिस्त ठेवली.

समारंभ रविवारी सकाळी होता. पर्वत पाटिया भागाच्या पुढे असलेल्या एका वाडीचे, म्हणजे समाजाच्या कार्यालयाचे, सभागृह आम्ही घेतले होते. पंखे होते, पुरेसे नव्हते. माझी मुलगी तिसऱ्या रांगेत आईजवळ बसली होती. मंचावरून ती मला स्वच्छ दिसत होती. तिची पाळी आली. मी तिचे नाव वाचले, पदवी वाचली आणि ‘पुढील शिक्षण, एम.टेक.’ असे वाचले. टाळ्या झाल्या. ती उठली नाही. मी पुन्हा नाव पुकारले. पाहुणे शाल हातात घेऊन उभे होते. तिसऱ्यांदा पुकारले तेव्हा माझा आवाज मला परका वाटला.

आमच्या गल्लीत राहणारे आप्पा पहिल्याच रांगेत होते. उभे आयुष्य त्यांनी माग दुरुस्त करण्यात घालवले. मागांच्या खडखडाटाने कान अधू झाल्यामुळे ते नेहमीच मोठ्याने बोलतात. मागे वळून पाहत ते आमच्या अहिराणीत ओरडून म्हणाले, “मास्तर, पोर तं आठेच बठेल शे!” सभागृह हसले. “ऊठ व माय, बाप बलाई राह्यना!”

ती तशीच बसून राहिली. तिची नजर माझ्यावर होती. त्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते. ती वाट पाहत होती. एक वाक्य बोलून चूक दुरुस्त करण्याची संधी ती मला सर्वांसमक्ष देत होती, हे मला आज समजते. त्या क्षणी मी ध्वनिक्षेपक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, “तिची तब्येत जरा बरी नाही.” आणि पुढचे नाव वाचले.

घरी परतल्यावर तिने आवाज चढवला नाही. जेवणे झाल्यावर ती म्हणाली, “मी पुण्याची जागा सोडते. नोकरीचं पत्र अजून चालू आहे. दोन वर्षं तुम्हाला खोटं बोलायला लावून मला नाही शिकायचं.”

जागा निश्चित करण्याची मुदत बुधवारपर्यंत होती. येथे एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. तिचे ते वाक्य ऐकून, अगदी क्षणभर, मला बरे वाटले. नोकरी, इंजिनिअर, भरूच: सांगायला किती सोपे! दुसऱ्याच क्षणी स्वतःचीच शिसारी आली. पण तो पहिला क्षण होता, आणि तो माझाच होता. पत्नीने ताटे उचलता उचलता एवढेच विचारले, “खोटं तुम्ही बोललात आणि जागा तिनं सोडायची?”

सोमवारी संध्याकाळी आप्पा आमच्या दारात उभे राहिले. दोन्ही हातांत एकेक शहाळे. सुरतेत त्याला त्रोफा म्हणतात. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचे नाही, हा आमच्या गल्लीचा रिवाज. मी ध्वनिक्षेपकावरून जे बोललो होतो, ते इतर कोणी मानले असो वा नसो, या माणसाने खरे मानले होते.

“मास्तर, पोरले काय व्हयनं?” खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारले. “तापबीप शे का?”

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. ती माझ्याकडे पाहत होती. पत्नीच्या हातातली सुई थांबली होती. ‘पित्त झालं होतं’ एवढे दोन-तीन शब्द माझ्या जिभेवर तयार होते, आणि ते किती पटकन तयार झाले याचीच मला धास्ती वाटली.

“आप्पा, तिला काही झालेलं नाही,” मी म्हणालो. “मी खोटं बोललो. ती एम.टेक.ला जात नाहीये. ती फिजिक्स शिकायला चालली आहे, म्हणजे मी शिकलो तोच विषय. मला ते सांगायची लाज वाटली.”

आप्पांना ऐकू आले नाही. “काय?”

मला ते सगळे पुन्हा, अधिक मोठ्याने सांगावे लागले. दारे उघडी होती. समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या. लाज वाटली हे शब्द मी दुसऱ्यांदा ओरडून म्हणालो, आणि ओरडताना त्यांतली सफाई निघून गेली.

आप्पांनी मुलीकडे पाहिले. “मंग तुले उठाले काय व्हयनं व्हतं व?”

“पप्पा दुसऱ्याच कुणाचं तरी वाचत होते, आप्पा.”

ते खदखदून हसले. मग म्हणाले, “फिजिक्स म्हंजे काय शे ते सांग माले. वीज का?”

“वीज पण.”

“मंग माले एक सांग. हिवाळामा पॉलिस्टर कापडना ताका मागवरथून उतारताना हातले चटका बसस, अंगवरना केस उभा राहतस. ते काबर व्हस?”

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आईच्या पुढ्यातली साडी तिने घेतली, तिचे एक टोक आप्पांच्या हातात दिले आणि सांगू लागली: सूत घासले जाते तेव्हा एकाकडचा विद्युतभार दुसऱ्याकडे जातो, आणि हवा कोरडी असली की त्याला निघून जायला वाट मिळत नाही.

“म्हनीसन आम्ही फरशीवर पानी मारूत,” आप्पा म्हणाले.

“बरोबर.”

“पण जास काबर तो? एककडथून दुसराकडे?”

मी अठ्ठावीस वर्षे वर्गात कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवत आलो आहे. मला या प्रश्नाचे उत्तर माहीत आहे, असे मी धरून चाललो होतो. माझी मुलगी म्हणाली, “ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही, आप्पा. शोधतायत.”

“कोनलेच नही?” आप्पांना ते भलतेच आवडले. “मोठमोठा लोकेसले बी नही? मंग जाय माय. मंग तं जायलेच पाहिजे.”

ती पुण्याला का जाते आहे, हे त्या खोलीत आप्पांना कळायला दोन प्रश्न पुरले. मला त्याच विषयाची पदवी होती, आणि मी तो विषय आयुष्यभर उरलेल्या वस्तूसारखा घरात ठेवला होता. मुलीने तो कपाटावरून काढून स्वतःहून निवडला, तेव्हा तिच्या निवडीत माझ्याविषयीचा आदरही होता, हे मला त्या संध्याकाळी प्रथम जाणवले. त्या आदराचाच मी खोट्या रकान्याने अपमान केला होता.

मंगळवारी सकाळी शाळेला निघताना तिने माझ्या हातात दोन गुणपत्रिका ठेवल्या. “पप्पा, येताना यांच्या झेरॉक्स आणाल? पुण्याला पाठवायच्या आहेत.” एवढेच. मी पाच-पाच प्रती आणल्या. ती म्हणाली, “दोनच लागतात,” आणि सगळ्या ठेवून घेतल्या.

पुढच्या रविवारी मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि यादीतली नोंद मीच जाणूनबुजून चुकीची केली होती, असे सांगितले. चिटणीसपद सोडण्याची तयारी दाखवली. एका सदस्याने विचारले, “म्हणजे इंजिनिअरिंगची चार वर्षं वाया गेली का?” मी म्हणालो, “तिला तसं वाटत नाही, आणि आता मलाही नाही.” दुसऱ्याने चहा मागवला. पद माझ्याकडेच राहिले. केवळ यादी वाचायला दुसरा आवाज असावा, अशी विनंती मी केली, ती मान्य झाली. माझ्या अपराधाचा मला जेवढा भार वाटत होता, तेवढा त्या लोकांना वाटला नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या न उठलेल्या मुलीचा ऋणी आहे, हातातले काम न थांबवता मला दोनदा अडवणाऱ्या पत्नीचा आहे, आणि आप्पांचा तर आहेच.

पुण्यात तिला सोपे गेले नाही. तिच्या वर्गातली मुले तीन वर्षे भौतिकशास्त्रच शिकून आलेली. त्यांना जे मुळाक्षरांसारखे येत होते, ते हिला रोज नव्याने जुळवावे लागे. प्रयोगशाळेत मात्र एखादे यंत्र बंद पडले की सगळे हिला हाक मारतात, असे ती सांगे. दिवाळीच्या आधी एका दुपारी तिचा फोन आला.

“पप्पा, क्वांटमची पहिली परीक्षा झाली. तीसपैकी नऊ.”

मी विचारले, “आईला सांगितलंस?”

“आधी तुम्हाला सांगतेय.”

“फार जड जातंय का?”

“जातंय. पण परत यावंसं नाही वाटत.”

“इथं कुणी विचारलं तर?” मी विचारले. जुनी सवय एकाएकी जात नाही.

“नऊ सांगा.”

दोन दिवसांनी भाजीबाजारात मंडळाचे एक सदस्य भेटले. वांगी निवडता निवडता त्यांनी विचारले, “मुलगी काय म्हणते पुण्याला?”

“पहिल्या परीक्षेत तीसपैकी नऊ मिळाले,” मी म्हणालो. “अभ्यास करते आहे.”

“अरेरे,” ते म्हणाले, आणि वांगी तोलायला दिली.

घरी येताच मी तिला फोन केला आणि नऊ सांगितले म्हणून कळवले. ती हसली. “बरं केलंत. आता ठेवा पप्पा, माझं प्रॅक्टिकल सुरू होतंय.”