आज दुपारी चार वाजता

सत्तारचाचा सकाळी दुकान उघडले की आधी टीव्ही लावत. बाहीने पडदा पुसत, स्टुलावर बसत आणि खालची पट्टी एकदा पूर्ण सरकून जाईपर्यंत बघत. चहा त्यानंतर. आतून मदिनाचाचींची हाक यायची, "चहाचं पाणी झालं आता." चाचा हात वर करत, म्हणजे थांब.

मेहरूण वस्तीतली केबल त्यांची होती. तरुणपणी त्यांनी गच्च्यांवरून तारा ओढल्या होत्या, आणि कुठल्या गच्चीवर कुणी पापड वाळत घालतं हे त्यांना अजून आठवत असे. बाकी चॅनल जगाचे. एक तेवढा त्यांचा स्वतःचा. त्यावर जुने सिनेमे चालत आणि सिनेमाच्या खाली पट्टी. नळाला पाणी नाही, बकरी हरवली आहे, आणि बहुतेक वेळा, कोण गेलं.

आमच्याकडे माणूस गेला की घरातलं कुणीतरी आधी चाचांच्या दुकानात यायचं आणि मग कफन किंवा बांबू आणायला जायचं. दफन असो की दहन, उशीर करायची रीत नाही. म्हणून चाचा लगेच लिहायला बसत. नाव, घर, वेळ. तारीख त्यांनी कधी घातली नाही. 'आज असरच्या नमाजनंतर', 'आज चार वाजता'. संध्याकाळी मातीहून परत आले की हातपाय धुऊन पट्टी स्वतः काढून टाकत. गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, म्हणत.

दुपारी त्यांच्याकडे चुडामण आबा येऊन बसत. आबांनी आयुष्यभर डाळ मिलमध्ये पोती वाहिली. मुलगा सुरतेला, बायको कधीच गेलेली. आबा आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"सत्तारभाऊ, आज कोन गया?"

"कुणी नाही. सगळे तुमच्यासारखे चिवट निघाले."

"मंग पट्टी रिकामी ठेवू नको. सोनाना भाव टाक."

"भाव वाचून दोघं-चौघं जातील, आबा."

आबा खोकत हसायचे. मग एखाद्या दिवशी पायातली चप्पल शोधता शोधता म्हणायचे, "मनी पट्टी टाकशी ना, भाऊ? मना हमाल दोस्त बठ्ठा तठेच वाचतस. त्यासनाकडे मोबाईल नही शे."

"टाकीन तुमची. घाई काय आहे?"

नियम एकदम आले नाहीत. आधी घरोघर टीव्हीला सेट-टॉप बॉक्स बसवायचा हुकूम आला. चाचांची डिशची छत्री गच्चीवर गंजत राहिली, सिग्नल धुळ्याच्या कंट्रोल रूममधून येऊ लागला, कुलूप लावलेला. बॉक्स तेच दाखवणार जे धुळ्याहून निघालं. तिथल्या कंपनीने काही वर्षं चाचांना त्यांचा चॅनल चालवू दिला. मग तोही नियमात आला. स्थानिक चॅनलची नोंदणी हवी, त्यावर बातम्या द्यायच्या तर चालवणारी कंपनीच हवी, एकटा माणूस चालणार नाही. जे दाखवलं त्याची नक्कल जपून ठेवायची, उद्या कुणी विचारलं तर.

चाचा इस्त्रीचा शर्ट घालून सरकारी कचेरीत गेले. साहेब सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली.

"साहेब, मातीची वेळ म्हणजे बातमी का?"

साहेबांनी खरोखर विचार केला. "जाहिरात तर नाही. मनोरंजन नाही. धार्मिक कार्यक्रमही म्हणता येत नाही. मग बातमीच उरते."

"पण ही कुणाच्या बाजूची नाही. कुणाच्या विरोधातही नाही."

"मला पटतंय, चाचा. वर विचारून कळवतो."

वरून काही आलं नाही. चाचा परत गेले तेव्हा त्या खुर्चीत दुसरे साहेब होते. तेही सभ्य होते. ते म्हणाले, कुठल्याही दिवशी कुठल्याही गावात खोटी अफवा पट्टीवर टाकली तर काय होईल, विचार करा. चाचांनी विचार केला. साहेबांचं चुकत नव्हतं, हेच त्यांना घरी येऊन सांगता येईना.

शेवटी धुळ्याच्या कंपनीने तोडगा काढला. मजकूर त्यांच्याकडे पाठवायचा, तिथे मंजुरी होईल, मग तेच पट्टी लावतील. धुळ्यातच देवपूरला राहणारा हितेंद्र नावाचा मुलगा ते काम बघत असे. आवाजाने गोड, नेहमी घाईत. मंजुरीला एक दिवस लागे. लग्नाची जाहिरात एक दिवस थांबू शकते. हळूहळू लोकांनी मातीची बातमी आणणं सोडलं. पोरांचा मोबाईलवर ग्रुप होता, त्यावर सगळं येई. चाचा केबल बघत राहिले, तारा जोडत राहिले. सकाळी पट्टीवर पंख्यांच्या दुकानाचा सेल सरकत असे, तरी ते पूर्ण बघत.

चैत्राच्या उन्हात एका सकाळी आबा उठलेच नाहीत. मुलगा सुरतेहून निघाला. चार वाजता उचलायचं ठरलं. ग्रुपवर बातमी गेली. पण ग्रुपवरच्या पोरांना आबा कोण ते माहीत नव्हतं, आणि आबांना ओळखणारे ग्रुपवर नव्हते.

चाचांनी धुळ्याला मजकूर पाठवला, हाताच्या सवयीने लिहिलेला: 'चुडामण आबा, डाळ मिलवाले, यांची अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता, राहत्या घरून.' आणि फोन लावला.

"हितेंद्र बेटा, हे तेवढं लगेच लाव."

"चाचा, पुढे पाठवलंय. माझ्या हातात काहीच नाही."

"घरातलं माणूस आहे रे."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. आले की पहिलं हेच दाखवतो."

जुनं पट्टीचं यंत्र चाचांच्या कपाटात होतं. त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं, जरा वेळ पाहिलं आणि परत ठेवलं. ते लावूनही कुठल्या बॉक्सवर दिसणार नव्हतं. मग स्कूटर काढून ते स्वतः निघाले. हमालांपैकी एकाचं घर बदललेलं, एक लेकीकडे गेलेला, एकाच्या दाराला कुलूप. दोघे भेटले, त्यातल्या एकाला चालवत नव्हतं. चार वाजता खांदा द्यायला माणसं कमी पडली. चाचांनी स्मशानापर्यंत खांदा बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. पट्टी लागली. मंजूर मजकुरात कुणी अक्षर बदलत नाही, त्यामुळे ती 'आज दुपारी चार वाजता' असंच म्हणत राहिली.

आणि चारच्या आधी आबांच्या घरी हमाल यायला लागले. धुतलेले सदरे, टोप्या, एकाच्या हातात झेंडूचा हार. एक जण नातवाच्या आधाराने रिक्षातून उतरला. दारासमोर ना ताटी बांधलेली, ना गर्दी. त्यांना वाटलं, आपण लवकर आलो. ते भिंतीच्या सावलीला रांगेने बसले.

चाचा प्रत्येकाच्या समोर जाऊन बसत होते आणि हळू आवाजात सांगत होते.

"कालच?" हारवाल्याने विचारलं. "पन पट्टीवर आज शे ना."

"ते 'आज' मीच काल लिहिलं होतं, भाऊ."

"मंग तू काल काब्र नही टाकी?"

हार कुठे ठेवायचा ते त्या म्हाताऱ्याला कळेना. शेवटी त्याने तो आबांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि परत भिंतीला टेकून बसला. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून मदिनाचाची आपल्या घरून चहाची किटली घेऊन फिरत होत्या. कप कमी पडले. तरी कुणी उठून गेलं नाही.

दिवेलागणीला हितेंद्रचा फोन आला. "चाचा, पट्टी दिसली ना?"

"दिसली, बेटा. सगळ्यांना दिसली. आता ती काढून टाक."

"काढायलाही मंजुरी लागते, चाचा. आत्ताच पाठवतो. उद्या संध्याकाळपर्यंत होईल."

चाचांनी फोन खिशात ठेवला. मदिनाचाची अंगणात कप विसळत होत्या.

"उद्या दूध जरा जास्त घे," ते म्हणाले. "चारला अजून कुणी येतील."