रुख्माने जमवलेले अंगठे

बिरसीच्या रुख्माला सही येत होती. तिच्या वयाच्या बायकांत गावात ती एकटीच. दुसऱ्या वर्गापर्यंत शाळेत गेली, मग धाकटा भाऊ टेकचंद झाला, तो कडेवर आला आणि पाटी चुलीमागे गेली. पण आपल्या नावाची दोन अक्षरं तिनं सोडली नाहीत. सुपातल्या तांदळात बोटानं काढायची, रोवण्याच्या दिवसांत धानाच्या बांधीत, चिखलात काढायची. पाणी चढलं की ती पुसली जायची, ही पुन्हा काढायची.

एक्कावन्न सालच्या उन्हाळ्यात गोंदियाहून छत्रीवाले आले. पार्टीचं खरं नाव लांबलचक, धर्म आणि रक्षण आणि परिषद असं काहीतरी; गावाच्या तोंडात ते मावलं नाही. झेंड्यावर छत्री, म्हणून छत्रीवाले. पुढारी भैय्यालालजी. त्यांची मालगुजारी, गावांची जमीनदारी, नुकतीच गेली होती, आवाज मात्र जागेवर होता.

"दिल्लीत कायदा बनून राहिला," ते पाटावर उभे राहून म्हणाले. "बेटीला बापाच्या जमिनीत हिस्सा! नवऱ्यानं दुसरी केली तर गुन्हा! भाई-बहन कचहरी में खडे होंगे. चालेल?"

चालेल कसं! माणसं शहारली. बाया पदराआड शहारल्या, कारण माणसं शहारली होती.

दिल्लीला अर्ज जायचा होता, आणि त्यावर बायांचेच अंगठे पाहिजे होते. बायांत कोण फिरणार? रुख्मा तेव्हा आमगावच्या सासरहून माहेरी आली होती. तिचा बाप श्यामलाल म्हणाला, "आमची रुख्मा फिरेल. तिले सही येते."

रुख्मा पुढं झाली, टाक धरला आणि जीभ दातात धरून कागदावर आपलं नाव काढलं. वर पाहिलं, तर भैय्यालालजींचं तोंड वाकडं.

"सही नको, बहनजी. सही पाहून दिल्लीवाले म्हणतील, शिकलेल्या बाया आहेत, यांना कोणी शिकवलं. अंगठा लावा. अंगठ्याले वजन राहते."

तो कागद फाडला. नव्या कागदावर पहिला अंगठा रुख्माचा उमटला.

मग ती शाईची डबी घेऊन घरोघरी गेली. बोलायला गोड होतीच. "भावाच्या ताटातला घास काढून कोणती बहीण सुखी झाली, सांग माय," असं म्हणायची. बायकांना भाऊ आठवायचे, दिवाळीचं लुगडं आठवायचं, अंगठा आपोआप पुढं यायचा. एकदा तर एक बाई रडलीच, आणि लगोलग दोन्ही अंगठे लावून मोकळी झाली. रुख्मानं एकच मोजला. इमानदारीचं काम होतं.

अडली फक्त गीताबाई. विधवा, पोरबाळ नाही, पारापाशी चणे-मुरमुरे विकायची.

"अंगठा कुठं जाणार?" तिनं विचारलं.

"दिल्लीले."

"आन् मी?"

"तू कायले जाशील?"

"मग मी इथं आन् माझा अंगठा तिथं एकटा काय करून राहील? नाई बाप्पा. माझ्या अंगठ्याले परक्या गावी झोप येत नाई."

रुख्मा हसली आणि पुढच्या घरी गेली. एकशे सतरा अंगठे झाले. सभेत तिला खुर्चीवर बसवलं, हातात नारळ दिला. जन्मात पहिल्यांदा खुर्ची. पाय जमिनीला टेकत होते तरी ती अवघडून टाचा वर धरून बसली.

निवडणुकीत छत्रीची जमानत जप्त झाली. छत्रीवाले गोंदियाला गेले, ते पाच वर्षं दिसले नाहीत.

त्रेपन्न साली रुख्माच्या नवऱ्यानं दुसरी केली. पोर होत नाही, हे कारण. सवत घरात आली, आणि महिनाभरात रुख्मा ट्रंक डोक्यावर घेऊन बिरसीला आली. दोन वर्षांनी शाळेच्या मास्तरांनी पेपरातून वाचून सांगितलं, की आता दुसरी करता येत नाही, कायदा झाला. रुख्मा भाजी निवडत होती. तशीच निवडत राहिली. पुढच्याच वर्षी मास्तरांनी दुसरं वाचलं: बापाच्या मिळकतीत पोरीलाही वाटा. त्या दिवशी तिनं भाजीतली काडी टाकली आणि पाला ठेवला, की पाला टाकला आणि काडी ठेवली, हे तिचं तिला कळलं नाही.

श्यामलाल कमी बोलणारा माणूस. पोरगी परत आली तेव्हा एवढंच म्हणाला होता, "विमानाच्या मैदानाकडची बांधी तुझी. माझ्या कमाईची आहे, तिच्यात कोणाचं नाव नाई." लढाईच्या वेळी इंग्रजांनी बांधलेलं ते मैदान, तिथं आता बकऱ्या उतरायच्या. त्याला लागून ती बांधी. रुख्मानं ती पाच वर्षं पिकवली. परहे, धानाची रोपं, तिनं लावली, निंदण तिनं केलं. कोणी विचारलं, "कोणाच्या वावरात चालली वो?" तर "माझ्या," असं म्हणायची, आणि म्हणून झाल्यावर जराशी थांबायची.

सत्तावन्न सालच्या निवडणुकीला छत्रीवाले पुन्हा आले. भैय्यालालजी आता धानमिलचे मालक होते. झेंड्यावर छत्री तीच, पण खाली हात जोडून उभी एक बाई काढली होती. भाषण सुरू झालं: "आमची पार्टी बहिणींची पार्टी! बहिणीचा हक्क म्हणजे धर्म!" रुख्मा पुढच्या रांगेत होती. तिला वाटलं, आपण ऐकण्यात चुकतो आहोत. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत टेकचंद पहिला. तो आता गावशाखेचा अध्यक्ष झाला होता.

गीताबाई मुरमुऱ्याची टोपली सावरत कानाशी आली. "काय वो रुख्मा, ते एकशे सतरा अंगठे आता दिल्लीहून परत येतील का?"

"गप ना, गीताकाकू."

पण मनात रुख्मा खूश झाली. पार्टीला अक्कल आली, उशिरा का होईना. माणसाला येते, तर पार्टीला का येऊ नये?

अठ्ठावन्न सालच्या माघात श्यामलाल गेला. तेरवीची भांडी अजून घासायची होती, तेव्हा टेकचंद तिच्याजवळ येऊन बसला.

"बाई, सोमवारी गोंदियाले जायचं आहे. तहसीलात."

"काऊन?"

"हक्कसोड. तुझा वाटा सोडला, असा कागद. सगळ्याच बहिणी देतात."

"बाबूजीनं बांधी मले देली, टेकू."

"मग पिकव ना! कोन काढून राहिलं? कागद फक्त माझ्या नावावर राहील."

"मग कागद माझ्या नावावर राहिला तर काय होते?"

टेकचंद उठला. "लोकं थुंकतील माझ्यावर. पार्टीचा अध्यक्ष, आन् बहीण कचेरीत. मग मले बहीण नाई, तुले माहेर नाई. पाहा तू."

याला तिनं कडेवर वाढवला होता.

दुसऱ्या दिवशी रुख्मा पायी गोंदियाला गेली. मिलच्या कचेरीत भैय्यालालजींनी तिला ओळखलं. चहा मागवला.

"भाऊसाहेब, तुम्ही भाषणात म्हनलं, बहिणीचा हक्क म्हणजे धर्म. टेकूले तेवढं सांगा. तो तुमचं ऐकते."

"बहनजी, वो तो पार्टी की बात है. ये घर का मामला है." ते बशीत चहा ओतत म्हणाले. "आणि टेकचंद आमचा अध्यक्ष. त्याला दुखावून कसं चालेल? हां, पण तुम्ही आलात ते बरं झालं. पुढच्या महिन्यात महिला संमेलन आहे. बिरसीहून शंभर बाया पाहिजेत. तुमच्यासारखं कोणी जमवत नाही."

रुख्मानं चहा अर्धा ठेवला. फुकटचा चहा अर्धा ठेवणारी ती बाई नव्हती.

गावात येऊन ती बायांकडे गेली. बाबूजीचा शब्द कितीकांनी ऐकला होता, कोणी साक्ष द्यावी एवढंच मागणं होतं. पहिल्या घरची म्हणाली, "भावाच्या ताटातला घास कायले काढतेस माय?" दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी रुख्मा बोललीच नाही. आपलंच वाक्य तिसऱ्यांदा ऐकायची तिला हिंमत झाली नाही.

गीताबाई मात्र टोपली ठेवून उभी राहिली. "चल, मी येतो साक्षीले."

"तुझ्या एकटीच्या साक्षीनं काय होईल?"

"काहीच नाई होत," गीताबाई म्हणाली. "पन चल."

रुख्मा गेली नाही. पन्नाशीपुढची मुरमुरेवाली आणि नवऱ्यानं टाकलेली बाई, दोघींनी भांडायचं, आणि संध्याकाळी परत कोणाच्या दारात यायचं? सोमवारी ती टेकचंदच्या बैलबंडीत मागं बसून तहसीलात गेली.

कारकुनानं कागद पुढं सरकवला. "सही येते का अंगठा?"

टेकचंद अभिमानानं म्हणाला, "सही येते! आमच्या बाईले सही येते."

रुख्मानं टाक घेतला नाही. शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि कागदावर ठेवला. टेकचंदनं तिच्याकडं पाहिलं आणि शाई वाळायला कागदावर फुंकर घातली.

पुढच्या रोवण्याला बांधीत परहे गेलेच नाहीत. तिथं भैय्यालालजींच्या मिलचं गोदाम उठू लागलं. टेकचंदला बांधीच्या बदल्यात पुढच्या वेळचं तिकीट कबूल झालं होतं. त्याच्याही नशिबात ते नव्हतं. साठ साली, महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यात, छत्री एका मोठ्या पार्टीत मिसळली. भैय्यालालजी त्या पार्टीत गेले, आणि तिकीट त्यांच्या जावयाला कबूल झालं. टेकचंद गावशाखेचा अध्यक्ष राहिला, पण शाखा कशाची, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर छत्रीचा मोठा झेंडा काढलेला होता. टेकचंद म्हणाला, "बाई, ते पुसून टाक. नवं चित्र काढायला माणूस येऊन राहिला."

रुख्मानं पांढरी माती कालवली आणि फडक्याचा पोतारा फिरवला. झेंडा गेला, हात जोडलेली बाई गेली. छत्रीचा काळा दांडा मात्र जाईना. दुसरा हात दिला, तिसरा दिला. वाळलं की पुन्हा दिसायचा.

गीताबाई टोपली घेऊन चालली होती. थांबली. "पुसून राहिली का वो?"

"पुसून राहिली."

"गेला का?"

"नाई ना." रुख्मानं ओल्या मातीवर बोट टेकवलं. पूर्वी अशा ओल्या मातीत ती दोन अक्षरं काढायची. तिनं बोट उचललं, लुगड्याला पुसलं, आणि चौथ्या हाताची माती कालवायला बसली.